हॉकीची पुढची पिढी घडवणारे के. डी. सिंह 'बाबू'

१९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये भारताने अंतिम सामन्यात स्पेनचा ४-३ असा पराभव करून हॉकीचे सुवर्णपदक पटकावले. त्या सामन्यातील भारताचा चौथा आणि निर्णायक गोल नोंदवणारे मोहम्मद शाहिद हे वाराणसीचे. अवघ्या वीस वर्षांच्या या युवकाची जडणघडण लखनौच्या क्रीडा वसतिगृहात झाली होती. गुणी मुलांना निवास, आहार आणि प्रशिक्षण एकाच ठिकाणी मिळावे, हा विचार उत्तर प्रदेशात रुजवणारे कुंवर दिग्विजय सिंह ऊर्फ 'बाबू' मात्र तो विजय पाहण्यासाठी हयात नव्हते.

२ फेब्रुवारी १९२२ रोजी बाराबंकी येथे जन्मलेल्या बाबू यांनी 'इनसाइड राइट' या जागी खेळताना चेंडूवरील हुकमत आणि अचूक पास यांच्या बळावर लौकिक मिळवला. १९४७ च्या पूर्व आफ्रिका दौऱ्यात त्यांनी साक्षात मेजर ध्यानचंद यांच्यापेक्षाही अधिक गोल केले. पुढच्याच वर्षी लंडन ऑलिंपिकमध्ये ब्रिटनला त्यांच्याच भूमीवर ४-० असे नमवणाऱ्या संघाचे ते उपकर्णधार होते. १९५२ मध्ये हेलसिंकी येथे त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने नेदरलँड्सवर ६-१ असा विजय मिळवून सुवर्णपदक राखले. आशियातील सर्वोत्कृष्ट खेळाडूला दिला जाणारा हेल्म्स करंडक आणि १९५८ मध्ये पद्मश्री हे सन्मानही त्यांना प्राप्त झाले.

मोठा खेळाडू उत्तम प्रशिक्षक होतोच असे नाही. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकसाठी संघाच्या प्रशिक्षणाची जबाबदारी बाबूंवर सोपवण्यात आली, तेव्हा त्यांचीही कसोटी लागली. गटात अग्रस्थानी राहिलेला भारतीय संघ उपांत्य फेरीत पाकिस्तानकडून ०-२ असा पराभूत झाला. वारंवार मिळालेल्या पेनल्टी कॉर्नरचे गोलात रूपांतर करण्यात तो अपयशी ठरला. त्यानंतर नेदरलँड्सला २-१ असे हरवून संघाने कांस्यपदक मिळवले खरे. परंतु सुवर्णाची सवय जडलेल्या देशाला त्या काळी कांस्यपदक हे अपयशच वाटे.

या पराभवानंतरही बाबूंचे खरे कार्यक्षेत्र उत्तर प्रदेशच राहिले. राष्ट्रीय संघ निवडला जातो तेव्हा खेळाडूच्या मूलभूत सवयी पक्क्या झालेल्या असतात. त्या घडवायच्या तर आरंभ शालेय वयातच व्हायला हवा. राज्यातील क्रीडा वसतिगृहांमागे आणि लखनौत १९७५ मध्ये सुरू झालेल्या गुरू गोविंदसिंह स्पोर्ट्स कॉलेजमागे हीच दृष्टी होती. लहान शहरांतील सामान्य कुटुंबांमधल्या मुलांसाठी अशा संस्थांचे मोल विशेष होते, कारण खेळाबरोबर जेवणाची आणि शिक्षणाचीही सोय तेथे होत असे.

२७ मार्च १९७८ रोजी बाबूंचे लखनौ येथे निधन झाले. शहराच्या हजरतगंज भागातील क्रीडांगणाला त्यांचे नाव देण्यात आले आहे. त्यांच्या निधनानंतरच्या वर्षी, १९७९ मध्ये, वाराणसीचे शाहिद फ्रान्समधील कनिष्ठ गटाच्या विश्वचषक स्पर्धेत भारताकडून मैदानात उतरले.