वस्तू कोणाची?

जुन्या नाशकात रमजानपूर्वी घर आवरताना वापरात नसलेले सामान विकावे की गरजूंना द्यावे, असा प्रश्न पडतो. हजरत उमर बिन अब्दुल अजीज (रह.) यांनी त्याआधी एक प्रश्न सोडविला: वस्तू मुळात कोणाची? उंची पोशाखाची आवड असलेला हा माणूस हिजरी ९९ मध्ये (इ. स. ७१७) खलीफा झाला आणि शाही घोडे विकून ती रक्कम त्याने बैतुलमालमध्ये भरली. पत्नी फातिमा यांना पिता खलीफा अब्दुल मलिक यांच्याकडून मिळालेले मौल्यवान जवाहीर तर दान करण्याजोगेही नव्हते, कारण ते जनतेचे होते. पतीच्या सांगण्यावरून त्यांनी ते बैतुलमालमध्ये जमा केले. ७२० मध्ये उमर वारले. नवे खलीफा यझीद हे फातिमांचे बंधू. ते जवाहीर परत देऊ लागले. फातिमांनी घेतले नाही.