वालचंद हिराचंद
वालचंद हिराचंद दोशी (२३ नोव्हेंबर १८८२, सोलापूर – ८ एप्रिल १९५३, सिद्धपूर) हे भारतीय उद्योगपती होते. आधुनिक जहाज, विमान व मोटार उद्योगांचा भारतात पाया घालणाऱ्यांत त्यांची गणना होते.

त्यांचे दिगंबर जैन घराणे मूळचे गुजरातचे. सोलापुरात व्यापारासाठी स्थायिक झालेले. घरच्या व्यापारात मन न रमल्याने वालचंदांनी लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत रेल्वेच्या बांधकामाची कंत्राटे घेतली. १९१९ मध्ये नरोत्तम मोरारजी आदींसह त्यांनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन केली. कंपनीचे ‘लॉयल्टी’ जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाले. ही तारीख आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळली जाते.

विमान कारखाना

१९३९ मध्ये अमेरिकी विमान व्यावसायिक विल्यम पॉली यांच्याशी झालेल्या भेटीतून विमान कारखान्याची कल्पना आकाराला आली. म्हैसूर संस्थानाने जमीन व भांडवल दिले आणि २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट लिमिटेड ही कंपनी नोंदवली गेली. तिचे अधिकृत भांडवल ४ कोटी रुपये होते. मार्च १९४१ मध्ये भारत सरकार एक-तृतीयांश भागधारक झाले.

पुढे जपान युद्धात उतरला आणि युद्ध भारताच्या सीमेपर्यंत येऊन ठेपले. एप्रिल १९४२ मध्ये सरकारने वालचंद व त्यांच्या सहकाऱ्यांचे भाग विकत घेतले. म्हैसूरने आपला हिस्सा राखला, पण व्यवस्थापन सोडले. ज्याने कारखाना उभारला त्याच्याकडे तो दीड वर्षही राहिला नाही. विशाखापट्टणमच्या जहाजबांधणी कारखान्याचेही १९५२ मध्ये हेच झाले. सिंदियाकडून तो हिंदुस्थान शिपयार्डकडे गेला.

निधनानंतरचे विलीनीकरण

मिग-२१ विमानांच्या निर्मितीसाठी सरकारने १९६३ मध्ये एरोनॉटिक्स इंडिया लिमिटेड ही वेगळी कंपनी काढली. सांगाडा नाशिकजवळील ओझर येथे, इंजिन ओडिशातील कोरापूट येथे आणि विमानातील इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबाद येथे, अशी कामाची वाटणी होती. कानपूरचा वायुदलाचा विमाननिर्मिती डेपोही तिच्याकडे आला. १ ऑक्टोबर १९६४ रोजी ही कंपनी व वालचंदांची जुनी कंपनी यांचे विलीनीकरण होऊन हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेड (एचएएल) अस्तित्वात आली. विमानबांधणी आणि विमानातील इलेक्ट्रॉनिक उपकरणांची निर्मिती अशा रीतीने एकाच संस्थेत आली. एचएएलच्या इतिहासाची सुरुवात मात्र १९४० पासूनच मानली जाते, आणि ते योग्यच आहे.

अखेरची वर्षे

१९४९ मध्ये पक्षाघात झाल्यानंतर वालचंद उद्योगातून निवृत्त झाले. पुणे जिल्ह्यातील वालचंदनगर आणि सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय ही त्यांच्या नावाची स्मारके होत.