विश्लेषण : उसाचे पान प्राणवायू कशातून सोडते? सॅम रुबेन यांनी ते कसे शोधले?

पंचगंगेकाठच्या उसाचे पान दिवसा प्राणवायू बाहेर टाकते, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. पण हा प्राणवायू हवेतून घेतलेल्या कार्बन डायऑक्साइडमधला, की मुळांनी ओढलेल्या पाण्यातला? बहुतेकांचा कल बराच काळ पहिल्या उत्तराकडे होता. १९४१ मध्ये अमेरिकेतील बर्कले विद्यापीठातल्या सॅम रुबेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसऱ्या उत्तराचा थेट पुरावा दिला.

कोण होते रुबेन?

५ नोव्हेंबर १९१३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोतील ज्यू स्थलांतरित कुटुंबात त्यांचा जन्म झाला. मूळ आडनाव रुबेनस्टाइन, वडील सुतारकाम करत. शेजारी नामांकित मुष्टियोद्धा जॅक डेम्प्सी, त्यामुळे पोराला आधी बॉक्सिंगचा नाद लागला, मग बास्केटबॉलचा. १९३८ मध्ये बर्कलेतून रसायनशास्त्रात पीएच.डी. मिळवली आणि मार्टिन केमन यांच्याशी त्यांची जोडी जमली. वनस्पतीत कार्बन कुठे जातो हे पाहण्यासाठी दोघे किरणोत्सारी कार्बन-११ वापरत. तो दर वीस मिनिटांनी निम्मा होई. म्हणजे सायक्लोट्रॉनवर तयार झाला की धावपळ! या जाचातूनच अधिक टिकाऊ कार्बनचा शोध सुरू झाला आणि २७ फेब्रुवारी १९४० रोजी कार्बन-१४ हाती लागला.

जड प्राणवायूचा प्रयोग काय होता?

प्राणवायूचे टिकाऊ किरणोत्सारी रूप मिळत नाही. म्हणून रुबेन यांनी स्थिर समस्थानिक निवडले : ऑक्सिजन-१८. ते निसर्गात असतेच, हजार अणूंमागे जेमतेम दोन. वजनाने जड, पण किरणोत्सारी नाही. त्यामुळे मोजायला मास स्पेक्ट्रोमीटर लागतो. क्लोरेला या हिरव्या शेवाळाला एकदा जड ऑक्सिजन असलेले पाणी दिले, एकदा जड ऑक्सिजन असलेले बायकार्बोनेट. बाहेर पडलेल्या प्राणवायूतले प्रमाण पाण्यातल्या प्रमाणाशी जुळले. प्रश्न मिटला.

कोल्हापूरला याचे काय?

स्थिर समस्थानिकांची ही वाट पुढे शेतापर्यंत आली. पानातून वाफ होताना हलके पाणी आधी उडते, जड मागे राहते. त्यावरून पीक पाणी कसे खर्चते याचा अंदाज बांधता येतो. कार्बनचेही तसेच. आजऱ्याच्या घनसाळ भाताचे रोप जड कार्बन-१३ बराच टाळते, ऊस त्यामानाने कमी. प्रमाण नमुन्याशी ताडले, तर भातात ते हजारी सुमारे २७ ने कमी भरते, उसात सुमारे १२ ने. उसाची ही खूण गुऱ्हाळाच्या काहिलीत उकळूनही गुळात टिकते. म्हणूनच मधात उसाची साखर मिसळली, तर प्रयोगशाळेत चोरी पकडता येते. कारण मध देणारी बहुतेक फुलझाडे भाताच्या गटातली. मक्याच्या साखरेचीही खूण उसासारखीच. भाताच्या किंवा बिटाच्या साखरेची भेसळ मात्र या चाचणीतून निसटते, हेही सांगायला हवे.

पुढे काय झाले?

दुसऱ्या महायुद्धात रुबेन यांना फॉस्जीन या विषारी वायूवरच्या कामाला जुंपले गेले. सप्टेंबर १९४३ मध्ये मोटार अपघातात त्यांचा हात दुखावला होता. तरीही ते प्रयोगशाळेत आले. फॉस्जीनची काचनळी थंड करताना फुटली आणि वायू पसरला. २८ सप्टेंबरला त्यांचा मृत्यू झाला. वय अवघे २९. मागे पत्नी आणि तीन लहान मुले.

कार्बन-१४ वापरून वनस्पतीतल्या कार्बनचा मार्ग मेल्विन कॅल्विन यांच्या गटाने त्याच बर्कलेत उलगडला. १९६१ चे रसायनशास्त्राचे नोबेल कॅल्विन यांना मिळाले. रुबेन जिवंत असते तर तेव्हा ४८ वर्षांचे असते.