राखीव जागा नाकारणारी राजकुमारी

स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी मतदारयाद्या तयार होत असताना अधिकाऱ्यांपुढे एक विलक्षण अडचण उभी राहिली. अनेक गावांतील स्त्रिया परपुरुषाला आपले नाव सांगावयास तयार नव्हत्या. अमक्याची पत्नी, तमक्याची आई, एवढीच ओळख त्या देत. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी स्वीकारण्यास नकार दिला आणि सुमारे २८ लक्ष स्त्रिया यादीतून गळाल्या. त्याच निवडणुकीत हिमालयाच्या कुशीतील मंडी-महासू मतदारसंघाने एका अविवाहित ख्रिस्ती स्त्रीला लोकसभेवर निवडून पाठविले. ती स्त्री म्हणजे राजकुमारी अमृत कौर.

त्यांचा जन्म १८८७ साली लखनौ येथे झाला. वडील राजा सर हरनामसिंग हे कपुरथळ्याच्या राजघराण्यातील. ख्रिस्ताला अनुसरल्यामुळे गादीवरील हक्काला ते मुकले. आई प्रिसिला ही जालंधरचे बंगाली धर्मोपदेशक रेव्हरंड गोलकनाथ चटर्जी यांची कन्या. विश्वासासाठी मानमरातब सोडावा लागतो, हा धडा अमृत कौर यांना घरातच मिळाला. इंग्लंडमध्ये शिक्षण घेऊन त्या परतल्या. वडिलांचे स्नेही गोपाळ कृष्ण गोखले यांच्या सहवासात देशसेवेची ओढ लागली. पुढे महात्मा गांधींची भेट झाली आणि वडिलांच्या निधनानंतर राजवाड्यातली ही कन्या सेवाग्रामच्या आश्रमात राहावयास गेली. गांधीजींच्या चिटणीस म्हणून त्यांनी सुमारे सोळा वर्षे काम केले. १९४२ च्या लढ्यात कारावासही सोसला.

तथापि आज आपल्याला त्यांच्या जीवनातील एका वेगळ्याच प्रकरणाकडे वळावयाचे आहे. १९२७ साली पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. या परिषदेच्या उभारणीत अमृत कौर यांचा मोठा वाटा होता. काही वर्षांतच परिषदेपुढे स्त्रियांच्या मताधिकाराचा प्रश्न आला. सरकार स्त्रियांना मत द्यावयास तयार होते, परंतु पुष्कळ स्त्रियांना ते पतीच्या मालमत्तेच्या आधारे मिळावयाचे होते. कायदेमंडळात स्त्रियांसाठी काही जागा राखून ठेवण्याचाही विचार होता.

अमृत कौर यांनी दोन्ही गोष्टींना विरोध केला. १९३३ साली मुथुलक्ष्मी रेड्डी आणि शरीफा हमीद अली यांच्यासह लंडनला जाऊन त्यांनी ब्रिटिश पार्लमेंटच्या संयुक्त समितीपुढे साक्ष दिली. एक हिंदू, एक मुसलमान आणि एक ख्रिस्ती अशा तिघींचे मागणे एकच होते: प्रत्येक प्रौढ व्यक्तीस मत द्या, मग ती पत्नी असो, विधवा असो वा अविवाहित; आणि स्त्रीला वेगळ्या दाराने आत घेऊ नका. राखीव जागा धर्मवार वाटल्या गेल्या, तर आजवर एक असलेली स्त्रियांची चळवळ दुभंगेल, असे भय त्यांना वाटत होते. ते भय अनाठायी नव्हते. १९३५ च्या कायद्याने प्रांतिक विधानसभांत स्त्रियांना ४१ जागा दिल्या, त्या जमातवार विभागूनच.

संविधान सभेवर अमृत कौर मध्य प्रांत व वऱ्हाडातून गेल्या. तेथे मूलभूत हक्कांच्या उपसमितीत हंसा मेहता यांच्या जोडीने त्यांनी स्त्रियांची बाजू लावून धरली. ख्रिस्ती समाजासाठीही राखीव जागा नकोत, हेच त्यांचे मत होते. पुढे १९४९ साली धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागांचा प्रस्ताव मागे पडला. तिघींनी लंडनमध्ये मागितलेला प्रौढ मताधिकार मात्र संविधानात पूर्णपणे उतरला.

१९४७ साली त्या आरोग्यमंत्री झाल्या. केंद्रीय मंत्रिमंडळातील त्या पहिल्या स्त्री होत. क्षयरोग व हिवताप यांविरुद्धच्या मोहिमा आणि दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था ही त्यांच्या कारकिर्दीची फळे. १९५७ पासून राज्यसभेत राहून ६ फेब्रुवारी १९६४ रोजी त्यांनी जगाचा निरोप घेतला.

त्यांची आशा मात्र फळाला आली काय? दार सर्वांना सारखे खुले झाले, की स्त्रिया आपल्या गुणांवर आत येतील, असा त्यांना विश्वास होता. पहिल्या लोकसभेत स्त्रिया शेकडा पाचही नव्हत्या. २०२४ साली ५४३ पैकी ७४ निवडून आल्या, म्हणजे सातांत एकही नाही. याचे कारण मतदारांपेक्षा उमेदवारी देणाऱ्या पक्षांत अधिक शोधावे लागेल. अमृत कौर यांच्या पाठीशी राजघराणे, परदेशी शिक्षण आणि मंत्रिपद होते. सामान्य घरातील स्त्रीला तिकीट कोण देणार, या प्रश्नाचे उत्तर समान कायद्यात नव्हते. ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्तीने स्थानिक संस्थांत एकतृतीयांश जागा राखल्या आणि लाखो स्त्रिया कारभारात आल्या. लोकसभेसाठी तसे विधेयक १९९६ साली प्रथम मांडले गेले. संमत व्हावयास २०२३ साल उजाडले आणि अंमलबजावणी पुढील जनगणना व मतदारसंघांच्या पुनर्रचनेवर सोपविली गेली.

म्हणून त्यांचा मार्ग अपुरा पडला, हे आदरपूर्वक मान्य केले पाहिजे. परंतु त्यांनी ज्या धोक्याकडे बोट दाखविले, तो टळलेला नाही. राखीव जागेवर स्त्री बसवावयाची आणि कारभार तिच्या पतीने पाहावयाचा, हे चित्र गावोगावी दिसले आहे. पतीच्या मालमत्तेवर मिळणारे मत नाकारणाऱ्या अमृत कौर यांना ते मुळीच मानवले नसते.

गणनेच्या पुस्तकात सलाफहादाच्या मुलींची कथा आहे. पित्याच्या वतनात वाटा मागण्यासाठी त्या मोशेपुढे उभ्या राहिल्या आणि परमेश्वराने त्यांचे म्हणणे रास्त ठरविले. भाषांतर करताना मला तेथे नेहमी थांबावेसे वाटते, कारण पवित्र लेखकाने त्या पाचही जणींची नावे दिली आहेत: महला, नोआ, होग्ला, मिल्का व तिरसा. ती तो एकदाच नव्हे, पुनःपुन्हा देतो. अमक्याच्या मुली एवढ्यावर त्याने भागविले नाही. मतदारयादीतून गळालेल्या त्या २८ लक्ष भगिनींना आपले नाव सांगण्याचे धैर्य कोणी दिले नव्हते. आपल्या घरातील, आपल्या मंडळीतील किती स्त्रिया स्वतःच्या नावाने उभ्या राहतात, हे प्रत्येक वाचकाने पाहावे. राजकुमारी अमृत कौर यांचे स्मरण तेथूनच सुरू होते.