आनंदीबाई जोशी

आनंदीबाई गोपाळराव जोशी (३१ मार्च १८६५ – २६ फेब्रुवारी १८८७) या अमेरिकेत वैद्यकीय पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री होत. त्यांचे माहेरचे नाव यमुना होते.

संसार आणि शिक्षण

वयाच्या नवव्या वर्षी त्यांचा विवाह टपाल खात्यात नोकरी करणाऱ्या आणि वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठ्या असलेल्या गोपाळरावांशी झाला. पत्नीला शिकविण्यास हरकत घेऊ नये, अशी अट गोपाळरावांनी विवाहापूर्वीच घातली होती. त्या काळी स्वयंपाकात कसूर झाल्यास सुनेला बोलणी खावी लागत. येथे मात्र अभ्यास सोडून स्वयंपाकघरात गेल्याबद्दल गोपाळरावांनी पत्नीला मारल्याची हकिकत चरित्रांतून आढळते. लहान वयात सोसलेल्या मारहाणीचा उल्लेख आनंदीबाईंनी पुढे पतीला लिहिलेल्या पत्रातही केला. घरकामाची रूढ वाटणी मोडली, तरी निर्णयाचा अधिकार पतीकडेच राहिला. चौदाव्या वर्षी झालेला मुलगा दहा दिवसांत दगावला. त्यानंतर वैद्यक शिकण्याचा त्यांचा निश्चय दृढ झाला.

अमेरिका

१८८३ मध्ये त्या पतीविना अमेरिकेस गेल्या. फिलाडेल्फियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकत असताना शाकाहार पाळण्यासाठी त्यांना स्वयंपाक स्वतःच करावा लागे. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्री-विभागाच्या प्रमुखपदी त्यांची नेमणूक झाली. परंतु क्षयरोगामुळे ते काम हाती घेण्यापूर्वीच, वयाच्या एकविसाव्या वर्षी, पुण्यात त्यांचे निधन झाले.