आबे लिस्ट : पियानोच्या राजाची जीवनकहाणी

आपल्या गायकवृंदातील मुलामुलींना, आणि ज्यांनी घरी मुलांना कीबोर्ड घेऊन दिला आहे अशा पालकांना, फ्रान्झ लिस्ट हे नाव बहुधा ऐकून माहीत असेल. एकट्याने पियानोचा संपूर्ण कार्यक्रम करायचा, समोर कागद न ठेवता तोंडपाठ वाजवायचे, पियानो आडवा ठेवायचा म्हणजे उघड्या झाकणातून सूर थेट श्रोत्यांकडे जातील, ह्या साऱ्या गोष्टी रूढ झाल्या त्या मुख्यतः लिस्ट यांच्यामुळे. परंतु हेच लिस्ट उतारवयात पाद्रीचा काळा झगा घालून वावरत आणि सारा युरोप त्यांना आबे लिस्ट म्हणून ओळखत असे, हे थोड्यांनाच ठाऊक असते. आबे हे फ्रेंच भाषेत धर्मगुरूंना लावायचे संबोधन आहे. लिस्ट धर्मगुरू मात्र कधीच झाले नाहीत. तेव्हा हा प्रकार काय होता, ते आज आम्ही सांगणार आहोत.

त्यांचा जन्म 22 ऑक्टोबर 1811 रोजी रायडिंग ह्या खेड्यात झाला. तेव्हा ते हंगेरीच्या राज्यात होते, आज ऑस्ट्रियात आहे. वडील आदाम हे एस्टरहाझी सरदारांच्या जमिनीवर मेंढ्यांच्या कळपांचा हिशेब पाहत. हाडाचे संगीतप्रेमी. तरुणपणी ते फ्रान्सिस्कन मठात उमेदवार म्हणून राहून आले होते, पण तेथे टिकले नाहीत. मुलाचा हात पियानोवर बसला आहे हे त्यांनी लवकर ओळखले. 1820 मध्ये प्रेसबर्गला झालेला कार्यक्रम ऐकून काही हंगेरियन सरदारांनी मुलाच्या शिक्षणासाठी पैसे देऊ केले. कुटुंब व्हिएन्नाला आले. तेथे बीथोव्हनचे शिष्य कार्ल चेर्नी यांनी त्याला शिकवले आणि लवकरच फी घेणे बंद केले. ही गोष्ट लिस्ट जन्मभर विसरले नाहीत.

पुढे 1823 मध्ये पॅरिस. तेथील सरकारी संगीतशाळेने परदेशी म्हणून प्रवेश नाकारला. मग वडील मुलाला घेऊन गावोगाव कार्यक्रम करीत फिरले, आणि 1827 मध्ये बुलोन ह्या समुद्रकाठच्या गावी वडिलांचे निधन झाले. मुलगा पंधरा वर्षांचा. त्याने आईला पॅरिसला बोलावून घेतले आणि सकाळपासून रात्रीपर्यंत शिकवण्या करून घर चालवले. त्याच काळात एका मंत्र्याच्या मुलीवर, आपल्याच विद्यार्थिनीवर, त्याचे मन जडले. मंत्रिमहोदयांनी त्याला घराचे दार बंद केले. तो आजारी पडला, इतका की पॅरिसच्या एका वर्तमानपत्राने त्याची निधनवार्ताही छापून टाकली! ह्या दिवसांत सेमिनरीत जाण्याचा विचार त्याच्या मनात पक्का होत होता. आईने रडून विरोध केला. पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंनीही सांगितले की तुझे पाचारण संगीताचे आहे. त्या धर्मगुरूंचे चुकले असे आम्हांला वाटत नाही. प्रेमभंगातून उठून आलेल्या उमेदवाराला थोडे थांब म्हणणे हेच शहाणपणाचे असते.

1832 मध्ये लिस्ट यांनी पॅरिसला पागानिनी यांचे व्हायोलिन ऐकले आणि ते पेटून उठले. पियानोवर हेच करून दाखवायचे म्हणून दररोज चार-पाच तास नुसते बोटांचे अभ्यास सुरू झाले. पुढची कीर्ती ही ह्या तासांची कमाई आहे.

1839 ते 1847 ह्या आठ वर्षांत त्यांनी पोर्तुगालपासून रशियापर्यंत आणि आयर्लंडपासून तुर्कस्तानपर्यंत सारा युरोप पिंजून काढला. घोडागाडीचे दिवस, रेल्वे कुठेकुठेच. 1841-42 च्या हिवाळ्यात एकट्या बर्लिनमध्ये दहा आठवड्यांत 21 कार्यक्रम झाले. निघताना सहा पांढऱ्या घोड्यांच्या गाडीतून मिरवणूक निघाली. स्त्रिया त्यांचे हातमोजे, तुटलेल्या तारा, सिगारची थोटकेसुद्धा जपून ठेवीत. कवी हाइने यांनी ह्या वेडाला लिस्टोमानिया असे नाव दिले.

पैसा अमाप आला, आणि तो वाटला गेला. 1838 मध्ये डॅन्यूब नदीच्या पुराने पेस्ट शहर उद्ध्वस्त झाले तेव्हा लिस्ट इटलीत होते. ते तडक व्हिएन्नाला गेले, कार्यक्रमांमागून कार्यक्रम केले आणि पूरग्रस्तांना मदत पाठवली. बॉन शहरी बीथोव्हनचा पुतळा उभारण्याची वर्गणी अडली तेव्हा उरलेली रक्कम मी भरतो असे त्यांनी कळवले. 1845 मध्ये तो पुतळा उभा राहिला. दवाखाने, शाळा, चर्चच्या इमारती, गरीब वादक, ज्याने मागितले त्याला त्यांनी दिले.

पण ह्याच वर्षांची दुसरी बाजू झाकून ठेवणे आम्हांला योग्य वाटत नाही. 1835 मध्ये मारी दागू ही विवाहित सरदारपत्नी घर सोडून त्यांच्याबरोबर स्वित्झर्लंडला गेली. त्यांना ब्लांदीन, कोझिमा आणि दानिएल अशी तीन मुले झाली. दोघांचे पटेनासे झाले तेव्हा मुले पॅरिसला लिस्ट यांच्या आईकडे राहिली, आणि पुढे एका कडक शिक्षिकेच्या हाती दिली गेली. आईला भेटायची त्यांना मनाई. बापाने खर्चाला कधी कमी केले नाही, पत्रेही पाठवली, परंतु 1853 मध्ये तो मुलांसमोर उभा राहिला तो कित्येक वर्षांनी. अनोळखी पूरग्रस्तांसाठी धावून जाणारा माणूस स्वतःच्या लेकरांना इतकी वर्षे भेटत नाही! कामाच्या नावाखाली घर मागे पडते हे आजही आपण पाहतोच. पण ते समजून घेता आले म्हणून आम्ही त्याला माफक दोष म्हणणार नाही.

1847 च्या फेब्रुवारीत कीव्ह शहरी एका धर्मादाय कार्यक्रमाला कोणीतरी शंभर रूबल इतकी मोठी देणगी दिली. देणारी होती राजकन्या कॅरोलीन सेन-विट्गेनश्टाइन, निष्ठावंत कॅथोलिक, पतीपासून वेगळी राहणारी. दोघांची गाठ पडली ती कायमची. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आजच्या युक्रेनमधील एलिझावेतग्राद येथे लिस्ट यांनी कार्यक्रम केला, आणि त्यानंतर पैशासाठी सार्वजनिक वादन कायमचे थांबवले. वय पस्तीस. हात उतरलेला नव्हता, मागणी कमी झालेली नव्हती. पुढची जवळजवळ एकोणचाळीस वर्षे ते वाजवीत राहिले ते धर्मादाय कामासाठी, मित्रांसाठी आणि विद्यार्थ्यांसाठी.

वायमार येथे त्यांनी दरबारी संगीताची धुरा घेतली. वाग्नर देशोधडीला लागलेले असताना त्यांचे लोहेनग्रिन 1850 मध्ये लिस्ट यांनीच रंगमंचावर आणले. 1856 मध्ये एस्टरगोमच्या महामंदिराच्या अभिषेकासाठी त्यांनी मिस्सा रचली.

कॅरोलीनचा पहिला विवाह रद्दबातल ठरावा म्हणून वर्षानुवर्षे खटपट चालली होती. अखेर लग्न ठरले ते 22 ऑक्टोबर 1861 रोजी, रोमच्या सान कार्लो देवालयात, लिस्ट यांच्या पन्नासाव्या वाढदिवशी. वेदी फुलांनी सजली होती. आदल्या रात्री निरोप आला की प्रकरण पुन्हा तपासायचे आहे. लग्न झाले नाही. 1864 मध्ये तिचा पती वारला, वाट मोकळी झाली, तरीही त्यांनी लग्न केले नाही. दानिएल 1859 मध्ये वीस वर्षांचा होऊन बापाच्या डोळ्यांदेखत गेला होता. 1862 मध्ये ब्लांदीन बाळंतपणानंतर गेली.

1863 मध्ये लिस्ट रोमबाहेर मोंते मारिओ टेकडीवरच्या माडोना देल रोझारिओ मठात राहायला गेले. एक साधी खोली, एक छोटा पियानो, त्याची एक पट्टी वाजत नव्हती. जुलैमध्ये पोप नववे पायस स्वतः तेथे आले आणि लिस्ट यांनी त्यांना वाजवून दाखवले. पाखरांना प्रवचन देणाऱ्या संत फ्रान्सिस असिसीकर यांच्यावरची पियानोरचना ह्याच काळातली आहे.

25 एप्रिल 1865 रोजी त्यांचा केशवपन विधी झाला आणि 30 जुलैला त्यांनी चार लघुदीक्षा घेतल्या : द्वारपाल, वाचक, अपदूत घालवणारा आणि वेदीसेवक. ह्या दीक्षा घेतलेल्यास मिस्सा अर्पण करता येत नसे, पापनिवेदन ऐकता येत नसे, आणि ब्रह्मचर्याची शपथही नसे. (1972 मध्ये पोप सहावे पॉल यांनी ही पद्धत बंद केली आणि वाचक व वेदीसेवक ह्या दोन सेवा तेवढ्या ठेवल्या.) लोक हसले. नाटक आहे, म्हणाले. कोणी म्हणाले, कॅरोलीनशी लग्न टाळण्याची युक्ती. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना एका कृतीमागचा एकच हेतू शोधायची सवय आम्हांला लागते, पण माणूस तेवढा सरळ नसतो. त्यांना रंगमंचाची आवड होती, सिगार आणि कोन्याक सुटले नव्हते. आणि सतराव्या वर्षी सेमिनरीत जाऊ पाहणारा मुलगाही त्यांच्यात तसाच जिवंत होता. दोन्ही खरे असू शकते.

त्यानंतरच्या वर्षांत रोम, वायमार आणि बुडापेस्ट अशी त्यांची ये-जा चाले. 1875 मध्ये बुडापेस्टची संगीत अकादमी सुरू झाली, तिचे ते अध्यक्ष. देशोदेशींचे शेकडो विद्यार्थी त्यांच्याकडे शिकून गेले, आणि एकाकडूनही त्यांनी फी घेतली नाही. चेर्नींचे ऋण ते असे फेडत होते. प्रभू येशूच्या जीवनावरची ख्रिस्तुस ही वाद्यवृंद व गायकवृंदासाठीची भव्य रचना 1873 मध्ये वायमारला संपूर्ण सादर झाली.

कोझिमाने पती, म्हणजे लिस्ट यांचाच लाडका शिष्य हान्स फॉन ब्यूलो, याला सोडून वाग्नर यांच्याशी 1870 मध्ये लग्न केले आणि पुढे कॅथोलिक धर्मपंथही सोडला. बापाला हे फार लागले. बोलणार तरी कोणत्या तोंडाने?

1886 च्या जुलैत, वाग्नर यांच्या मागे बायरॉइटचा संगीत महोत्सव चालवणाऱ्या ह्याच मुलीच्या बोलावण्यावरून, ताप अंगात असताना ते तेथे गेले. न्यूमोनिया झाला. 31 जुलैच्या रात्री, संत इग्नेशियस लोयोला यांच्या सणाच्या दिवशी, त्यांनी प्राण सोडला. धर्मगुरूंना बोलावलेच गेले नाही. आबे लिस्ट अखेरच्या साक्रामेंताविना गेले. त्यांच्यासाठी झालेल्या मिस्साला ऑर्गनवर अंतोन ब्रुकनर बसले होते. त्यांनी वाग्नर यांच्या पार्सिफालमधील सुरावटींवर वादन केले. लिस्ट यांची एकही रचना वाजली नाही.

1879 मध्ये त्यांनी क्रुसाच्या वाटेच्या चौदा स्थानांवर गायकवृंद आणि ऑर्गनसाठी एक रचना पूर्ण केली होती. अगदी साधी, बहुतेक ठिकाणी दोन-चार स्वरांचीच. त्या काळच्या एका कॅथोलिक प्रकाशकाने ती परत पाठवली. ती पहिल्यांदा ऐकू आली 1929 च्या गुड फ्रायडेला, बुडापेस्टमध्ये. आपल्या गायकवृंदाला तपकाळात तिच्यातली एक-दोन स्थाने झेपतील, असा आमचा अंदाज आहे.