तांबडी मोटार आणि लोहाराचा मुलगा
(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. वडिलांना आम्ही आण्णा म्हणतो. ते कोल्हापूरच्या उद्यमनगरातील एका गॅरेजात गेली तेवीस वर्षे फिटर आहेत. शिक्षण सातवीपर्यंत. त्यांच्या उजव्या हाताचे मधले बोट दोन वर्षांपूर्वी पंख्यात सापडले, तेव्हापासून बारीक काम त्यांना जमत नाही. गेल्या दिवाळीत गॅरेजच्या मालकांनी निरोप धाडला की, पोराला पाठवून द्या, जागा रिकामी आहे. मी प्रथम वर्षाला अर्थशास्त्रात जेमतेम पास झालो होतो. बी. ए. होऊन पुढे काय, या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. कॉलेज सोडायचे, असे मी मनाशी जवळजवळ ठरवले होते.

त्याच सुमारास माझ्या थोरल्या चुलतभावाने रद्दीच्या गठ्ठ्यातून मोटारींचे एक जुने इंग्रजी मासिक आणले. त्यात जुन्या जपानी स्पोर्ट्‌स मोटारींची रंगीत चित्रे होती. आम्हां दोघांना एक खेळच सापडला. पैसा आहे असे समजायचे, त्यांतली एक मोडकी गाडी विकत घ्यायची आणि उघडून पुन्हा नवी करायची, तर कोणती घ्यावी? दादाने एका झटक्यात टोयोटा २००० जीटीवर बोट ठेवले. मी डॅटसन २४०-झेडच्या लांब नाकावर भाळलो होतो. रात्री जेवणे झाल्यावर आण्णांना पंच नेमले.

आण्णांना इंग्रजी येत नाही. मी वाचत गेलो, ते ऐकत गेले. टोयोटा १९६७ ते १९७० या काळात साडेतीनशेच्या आतबाहेरच निघाली, हे ऐकताच ती त्यांनी बाद केली. जिची भावंडे जगात कमी, तिचे सामान कुठून आणणार? मग माझ्दाची कॉस्मो. तिच्यात पिस्टनच नाही, तिकोनी चक्र फिरते. फिरणाऱ्या त्या तीन कोपऱ्यांचे सील झिजले की इंजिनाचा दम जातो. आण्णा म्हणाले की, जे आपण कधी उघडले नाही त्यावर पहिला पैसा लावू नये. डॅटसन त्यांना पटली. सहा सिलिंडरचे साधे इंजिन, दोन कार्ब्युरेटर आणि गाड्या भरपूर निघालेल्या. मात्र तिचा पत्रा गंजतो, हेही मासिकात होते. तेव्हा त्यांनी आम्हांला एक धडा दिला. जुनी गाडी घेताना बॉनेट शेवटी उघडायचे. आधी खाली वाकून चेसिस, फ्लोअर आणि दारांखालचा पत्रा पाहायचा. इंजिन पुन्हा बांधता येते. गंजाने खाल्लेला सांगाडा आपल्याला खातो.

शेवटच्या पानावर होंडाची एस ६०० होती. लहानशी, तांबडी, दोन माणसांची. इंजिन अवघे ६०६ सी.सी.चे, पण चार सिलिंडर, चार कार्ब्युरेटर, वर दोन कॅमशाफ्ट आणि मिनिटाला ८५०० फेऱ्यांवर ५७ अश्वशक्ती! मागची चाके फिरवायला दोन्ही बाजूंना बंद डब्यांत बसवलेल्या साखळ्या. साखळी म्हणताच आण्णा हसायचे थांबले. मोटारीला मोटरसायकलची साखळी लावणारा हा माणूस कोण, असे त्यांनी विचारले. मला सांगता आले नाही. दुसऱ्या दिवशी मी ग्रंथालयात गेलो आणि सोइचिरो होंडा या माणसाच्या मागे लागलो, तो आजतागायत.

होंडाचा जन्म १७ नोव्हेंबर १९०६ चा, जपानच्या शिझुओका प्रांतातील कोम्यो या खेड्यातला. वडील गिहेई लोहार. पुढे त्यांनी सायकल दुरुस्तीचे दुकान घातले. आई विणकाम करी. भात्याच्या आवाजात आणि ऐरणीच्या ठिणग्यांत हे पोर वाढले. गावात पहिली मोटार आली तेव्हा ते तिच्यामागे धावत सुटले आणि जमिनीवर सांडलेल्या तेलाचा वास नाकात भरून घेत राहिले. १९१७ साली हामामात्सूला आर्ट स्मिथ नावाच्या अमेरिकन वैमानिकाचे विमान उडणार होते. पोराने वडिलांची सायकल पळवली, वीसेक किलोमीटर रेटली आणि तिकिटाला पैसे पुरले नाहीत म्हणून झाडावर चढून ते विमान पाहिले.

शाळेत मात्र मन रमले नाही. प्रगतिपुस्तकावर घरचा शिक्का उमटवून आणावा लागे. या पठ्ठ्याने सायकलच्या पेडलचे रबर कोरून शिक्काच तयार केला. होंडा हे नाव जपानी लिपीत उभे लिहिले की उलटसुलट सारखेच दिसते, म्हणून तो खपला. मग मित्रांनाही शिक्के करून दिले. त्यांची नावे उलटी उमटली आणि लबाडी उघडी पडली. हे वाचताना मला घाम फुटला, कारण आठवीत आण्णांची सही मीच करीत असे.

१९२२ साली, पंधराव्या वर्षी, शाळा आटोपून होंडा तोक्योतील आर्ट शोकाई या मोटार दुरुस्तीच्या कारखान्यात उमेदवार म्हणून लागला. पाना हाती मिळेल म्हणून गेला, तर मिळाले मालकाचे मूल सांभाळायला! कित्येक महिने पोर पाठीशी आणि हाती झाडू. १ सप्टेंबर १९२३ च्या महाभूकंपाने तोक्यो भुईसपाट केले. बरेच कामगार गावी परतले. होंडा राहिला आणि जळक्या मोटारी जुळवता जुळवता कारागीर झाला.

मालक युझो साकाकिबारा यांना शर्यतींचा नाद होता. त्यांनी मिचेल या अमेरिकन मोटारीच्या चेसिसवर कर्टिस विमानाचे टाकाऊ इंजिन बसवायला घेतले. होंडा दिवसाचे काम संपवून रात्री त्या गाडीवर राबे. नोव्हेंबर १९२४ मध्ये त्या गाडीने शर्यत जिंकली. चालवायला मालकांचे धाकटे भाऊ आणि शेजारी मेकॅनिक म्हणून नुकतेच अठरावे वर्ष लागलेला होंडा. जुने घ्यायचे, उघडायचे आणि त्यातून नवे उभे करायचे, हा जो खेळ मी आणि दादा कागदावर खेळत होतो, तो या मुलाने खरोखर खेळला होता.

१९२८ साली त्याने हामामात्सूत त्याच कारखान्याची शाखा काढली. लाकडी आऱ्यांच्या जागी बिडाचे आरे बसवण्याचे पेटंट मिळवले. पैसा आला, शर्यती सुरूच राहिल्या. १९३६ मध्ये तामागावाच्या शर्यतीत गाडी आदळून तो जखमी झाला. शेजारी बसलेला धाकटा भाऊ त्याहून अधिक.

इथपर्यंत वाचून मी खूश झालो होतो. पंधराव्या वर्षी शाळा सोडलेला माणूस जगप्रसिद्ध झाला, मग मी कॉलेजात काय करतो आहे? माझ्या बाजूचा याहून मोठा साक्षीदार कुठला? त्या रात्री मी आण्णांना हे सारे रंगवून सांगितले आणि सोमवारपासून गॅरेजात येतो म्हणालो. आण्णांनी वाद घातला नाही. पुढे काय झाले, एवढेच विचारले. पुढचे प्रकरण मी वाचलेच नव्हते. ते वाचले आणि माझा साक्षीदार फुटला!

दुरुस्तीचा कंटाळा येऊन होंडाने पिस्टन रिंग बनवायला घेतल्या. दिसायला बिडाचे एक कडे. त्यात काय अवघड? पण रिंगा तडकत, झिजत. भट्टीपाशी रात्री सरू लागल्या, साठवलेला पैसा संपत आला. अखेर आपल्या हाताला जे कळते ते इथे अपुरे आहे, हे त्याने ओळखले. तिशीतला, बायको असलेला, स्वतःच्या कारखान्याचा हा माणूस हामामात्सूच्या तंत्रविद्यालयात जाऊन पोरांच्या बाकावर बसला. तिथे त्याला कळले की, त्याच्या बिडात सिलिकॉनचे प्रमाण चुकते आहे. तरीही टोयोटाकडे तपासणीला गेलेल्या पन्नास रिंगांपैकी तीनच उतरल्या. पुढे कारखान्यांतून, विद्यापीठांतून हिंडून त्याने ते काम साधले. तो परीक्षेला मात्र बसला नाही आणि विद्यालयाने त्याला काढून टाकले. पदवी त्याला नकोच होती; त्याला रिंग हवी होती.

हे ऐकल्यावर आण्णा बराच वेळ गप्प होते. उद्यमनगरात ओतकामाच्या भट्ट्या आहेत. बीड का तडकते हा प्रश्न त्यांनीही उभ्या आयुष्यात अनेकदा विचारला असेल. त्यांनी मला एकच गोष्ट सांगितली. त्या माणसाला तिसाव्या वर्षी जे कमी पडले म्हणून परत जावे लागले, ते तुझ्यासमोर एकोणिसाव्या वर्षी मांडून ठेवले आहे. उठायचे तर पोट भरून ऊठ.

होंडाची पुढची कहाणी बहुतेकांना ठाऊक आहे. जानेवारी १९४५ च्या भूकंपात त्याचा कारखाना पडला. उरलेसुरले त्याने टोयोटाला विकून टाकले. युद्धानंतर, १९४६ साली, लष्कराच्या बिनतारी यंत्रांची छोटी टाकाऊ इंजिने मिळवून ती सायकलींना जोडली. पेट्रोलच्या टाकीसाठी शेकायच्या पाण्याचा डबा वापरला. पहिली सफर पत्नी साचीने केली. १९४८ मध्ये होंडा मोटर कंपनी उभी राहिली. वर्षभराने ताकेओ फुजिसावा हा हिशेबी भागीदार मिळाला आणि होंडाने पैशाकडे पाहणे सोडून दिले. १९५८ मध्ये सुपर कब निघाली. १९६१ मध्ये आइल ऑफ मॅनच्या शर्यतीत १२५ आणि २५० सी.सी. या दोन्ही वर्गांत पहिले पाचही क्रमांक होंडाचे आले.

त्याच सुमारास सरकारने नव्या कंपन्यांना मोटारधंद्यात येण्यापासून रोखणारा कायदा आणायचे घाटले. होंडा खवळला. दार बंद होण्याआधी आत पाय टाकलाच पाहिजे, म्हणून १९६३ मध्ये त्याने एक छोटा ट्रक आणि एस ५०० ही मोटार बाजारात आणली. आमच्या चित्रातल्या तांबड्या गाडीची ही थोरली बहीण. तांबडा रंग तेव्हा अग्निशामक गाड्यांसाठी राखून ठेवलेला होता. त्यासाठीही तो सरकारशी भांडला. मोटरसायकलवाल्यांनी केलेली मोटार म्हणून तिला साखळी! आण्णांच्या प्रश्नाचे उत्तर हे असे मिळाले. तो कायदा पुढे बारगळलाच.

होंडाला देव करण्याचा माझा हेतू नाही. त्याचा राग भयंकर होता. चूक करणाऱ्या कामगारावर तो हात टाकी, पाना भिरकावी. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाचा त्याने हट्ट धरला. १९६८ मध्ये तशा शर्यतीच्या गाडीत जो श्लेसर हा चालक फ्रान्समध्ये जळून मेला, तरी हट्ट सुटायला वेळ लागला. शेवटी तरुण इंजिनिअरांनी फुजिसावाकरवी त्याला पाण्याने थंड होणारे इंजिन मान्य करायला लावले. त्यातूनच १९७२ ची सिव्हिक आणि कमी धूर सोडणारे सीव्हीसीसी इंजिन आले. पोरे आपल्यापेक्षा पुढे गेली हे ओळखून, १९७३ मध्ये तो फुजिसावाबरोबर निवृत्त झाला. मुलाला कंपनीत घेतले नाही. मग देशभर हिंडून कारखान्यातल्या माणसांचे हात हातात घेऊन त्याने आभार मानले. ५ ऑगस्ट १९९१ रोजी तो वारला. आपल्यासाठी मोठी अंत्ययात्रा काढू नका, रस्त्यावर वाहनांची कोंडी होईल, असे त्याने आधीच बजावून ठेवले होते.

त्याच्या डाव्या हातावर जखमांचे किती व्रण होते, ते त्याने चित्र काढून दाखवले होते. मी ते वर्णन वाचले आणि समोर भाकरी मोडणाऱ्या आण्णांच्या हाताकडे पाहिले.

आता मी सकाळी कॉलेजला येतो आणि रविवारी गॅरेजात जातो. ग्रंथालयातून धातूंवरचे एक पुस्तक आणले आहे. कलाशाखेच्या मुलाला ते कशाला, असे काउंटरवर विचारले गेले. रात्री मी त्यातले पानभर आण्णांना मराठीत सांगतो. गाडीच्या निवडीचा निकालही लागला आहे. पैसा घालायचा तर डॅटसन, असे आण्णा अजून म्हणतात. पण नुसती उघडून पाहायला मिळणार असेल, तर ती तांबडी होंडा आणा, आणि साखळीचा डबा आधी मलाच उघडू द्या, असे त्यांनी दादाला बजावून ठेवले आहे.